फिन्ससाठी घरच्या घरी स्प्रिंगचा पट्टा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

स्कूबा डायव्हिंगच्या उघड्या टाचेच्या फिन्सना, म्हणजे पोहताना पायांत घालायच्या रुंद पात्यांना, मागे रबरी पट्टा असतो. ऊन, खारं पाणी आणि हवेतला ओझोन यांनी ते रबर हळूहळू कडक होतं, वाकणाच्या जागी बारीक चिरा पडतात आणि पट्टा तुटतो. तुटतो तोही बहुतेक वेळा बोटीच्या काठावर, पाण्यात उतरायच्या ऐन वेळी, कारण सगळ्यात जोराची ओढ त्याला फिन चढवतानाच बसते. त्याच्या जागी स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग लावली की ही कटकट जवळपास संपते. असे पट्टे तयार मिळतात. पण ज्याला व्हाइस, कानस आणि पक्कड वापरता येते त्याने एकदा तरी स्वतः करून पाहावेत, कारण आपण जोडलेली वस्तू कुठे कच्ची पडू शकते हे आपल्याला नेमकं माहीत असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या पट्ट्यात स्प्रिंग हा सगळ्यात सोपा भाग आहे. कस लागतो तो तिच्या दोन टोकांना, म्हणजे हूक आणि फिन यांच्यामधल्या जोडाला. नवखा माणूस आठवडाभर स्प्रिंग शोधतो आणि जोड मात्र हाताला लागेल त्या कडीने उरकतो. वेळ द्यायचा तो जोडाला द्या.

स्प्रिंग बसवून नेमकं काय मिळतं

फिन पटकन चढते हा फायदा सगळेच सांगतात. दुसरा फायदा खोल गेल्यावर कळतो. निओप्रीनच्या बुटात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, 30 मीटरवर चौपट. त्या प्रमाणात बुडबुडे दबतात आणि बूट पातळ होतो. वर असताना नीट बसलेला रबरी पट्टा खाली सैल पडतो, टाच हलायला लागते आणि मग पाण्याखाली बकल ओढत बसावं लागतं. स्प्रिंग तेवढंच आवळते आणि वर येताना तेवढीच सुटते. पट्ट्याचं माप डोक्यातून निघूनच जातं.

ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट, वापरणाऱ्यांना आणखी एक लाभ होतो. पाय वर गेले की हवा सूटच्या पायांत शिरते, पायमोजा फुगतो आणि पाऊल फिनमधून निसटू पाहतं. अशा वेळी सतत ताण धरणारा पट्टा मोलाचा ठरतो. शिवाय स्टीलचं वजन फिनवर येतं. खाली ज्या मापाची स्प्रिंग घेणार आहोत तिच्यात तारच मुळी चार मीटरच्या वर असते आणि वजन साधारण 65 ग्रॅम भरतं. त्यात शॅकल, म्हणजे पिनने बंद होणाऱ्या U आकाराच्या जोडकड्या, मिळवा. तरंगू पाहणाऱ्या पायांना हे वजन बरं पडतं. उलट पातळ सूट आणि जड रबरी फिन्स वापरणाऱ्याचे पाय आधीच खाली ओढले जात असतील, तर त्याने याचा विचार करावा.

आधी फिन हातात घ्या

काहीही विकत घेण्याआधी फिनवर पट्टा अडकतो कुठे ते नीट पाहा. साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, पाय घालायच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना आरपार भोक किंवा खाच. यात शॅकलची पिन किंवा बोल्ट थेट जातो आणि घरी करायला हाच सगळ्यात सरळ. दुसरा, बाजूला बाहेर आलेली जाड खुंटी आणि तिच्यावर बसणारी तारेची किंवा प्लास्टिकची कडी. इथे खुंटीवर घट्ट बसेल अशी स्टीलची कडी मिळाली तर काम होतं. तिसरा, दाबून उघडणारं बकल, ज्याचा आतला आकार त्या त्या कंपनीचा स्वतःचा असतो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्या फिनला बसेल असा तयार अडॅप्टर मिळाला तर तो घ्या आणि त्याच्यापुढची स्प्रिंग घरी करा. मिळत नसेल तर तयार पट्टा घ्या. फिनला नवं भोक पाडायचा मोह आवरा. खोबणीच्या कडेचं प्लास्टिक आधीच ताण सोसत असतं, तिथे पाडलेल्या भोकापासून चीर निघते आणि ती चीर ब्लेडकडे सरकत जाते. पट्ट्यापायी अख्खी फिन घालवण्यात अर्थ नाही.

माप घेणे

पाण्यात जो बूट घालणार तोच घाला. पातळ आणि जाड असे दोन बूट आलटूनपालटून वापरत असाल तर दोन्हींवर माप घ्या. पाय फिनमध्ये शेवटपर्यंत सारा. न ताणणारी सुतळी एका बाजूच्या भोकापासून टाचेमागून दुसऱ्या बाजूच्या भोकापर्यंत न्या, पट्टा जिथे बसायला हवा त्याच उंचीवर. हे झालं बसतं माप. आता तीच सुतळी टाचेच्या सगळ्यात फुगीर भागावरून, पट्टा चढवताना जसा जातो तशी, ओढून पाहा. हे झालं चढतं माप. दोन्ही लिहून ठेवा. डाव्या-उजव्या पायात फरक असू शकतो, म्हणून दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घ्या आणि मोठं धरा.

उदाहरण म्हणून बसतं माप 330 मिमी धरू. दोन्ही बाजूंचे शॅकल मिळून 50 मिमी खातात. उरले 280. बसलेल्या अवस्थेत स्प्रिंग 60 मिमी ताणलेली हवी असेल तर मोकळी स्प्रिंग हुकांसकट 220 मिमीची लागेल. हूक प्रत्येकी 10 मिमीचे धरले तर वेढ्यांचा भाग 200 मिमी. बसल्यावर 50 ते 60 मिमी ताण हे सुरुवातीला चांगलं लक्ष्य आहे. यापेक्षा कमी ठेवलात तर खोलवर आवळायला काही उरत नाही आणि खूप जास्त ठेवलात तर चढवताना स्प्रिंगची हद्द गाठली जाते.

कोणती स्प्रिंग

आपल्याला हवी ती ओढीची स्प्रिंग, जिचे वेढे मोकळ्या अवस्थेत एकमेकांना चिकटलेले असतात. बाहेरून 12 मिमी व्यास आणि 1.6 मिमी तार हे माप बहुतेकांना जमतं. 200 मिमी लांबीत असे 125 वेढे बसतात आणि गणिताने पाहिलं तर स्टेनलेस तारेची ही स्प्रिंग दर किलोला साधारण 24 मिमी लांबते. म्हणजे 60 मिमी ताणायला सुमारे अडीच किलो. शिवाय ओढीच्या स्प्रिंगमध्ये वळतानाच काही ताण भरलेला असतो. तो ओलांडेपर्यंत वेढे उघडतच नाहीत. तोही या आकड्यात मिळवायचा. पट्टा टाचेला दोन्ही बाजूंनी ओढतो, म्हणून टाचेवरचा दाब एकूण ताणाच्या जवळपास दुप्पट असतो. अडीच-तीन किलो ऐकायला कमी वाटतात, पायाला पुरेसे असतात.

तारेच्या जाडीच्या बाबतीत जपून. स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाहेरचा व्यास आणि लांबी तीच ठेवून तार फक्त 1.6 वरून 1.8 मिमी केली तर वेढे कमी बसतात, वेढ्याचा सरासरी व्यासही थोडा घटतो, आणि दर किलोला लांबणं 24 वरून साडेबारा मिलिमीटरच्या आसपास येतं. पट्टा जवळजवळ दुप्पट कडक! जड रबरी फिन्स आणि जाड बूट असतील तर 1.8 चालते, पण पहिल्या वेळी 1.6 च घ्या. लांबीचाही तसाच हिशेब आहे: लांब स्प्रिंग अर्धी कापली की उरलेली अर्धी दुप्पट ताठ होते. घरी पडलेली स्प्रिंग कापून वापरणाऱ्यांचा अंदाज इथे चुकतो, आधी मऊ वाटलेली स्प्रिंग कापल्यावर टाचेला बोचायला लागते.

हातात आलेली स्प्रिंग मोजून घ्यायला उपकरण लागत नाही. एका भक्कम खिळ्याला तिचा हूक अडकवा, खालच्या हुकाला दोरीने मोठी बाटली बांधा आणि बाटलीत मापाने पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो. सुरुवातीला काहीच हलत नाही. मग कुठेतरी मधल्या दोन वेढ्यांत कागदाची कड जाईल इतकी फट दिसते. तोपर्यंतचं वजन म्हणजे आत भरलेला ताण. तिथून पुढे प्रत्येक लिटरला लांबी किती वाढते ते फूटपट्टीने लिहा. वाढ दर वेळी सारखी आली पाहिजे. दोन्ही पायांच्या स्प्रिंगा अशाच मोजा आणि आकडे जुळतात का पाहा, नाहीतर एका पायाची फिन नेहमी वेगळी वाटत राहते.

आता धातू. समुद्रासाठी 316 प्रतीचं स्टेनलेस सगळ्यात चांगलं, कारण त्यातलं मॉलिब्डेनम मिठातल्या क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांना रोखतं. 302 आणि 304 च्या स्प्रिंगा सहज मिळतात, गोड्या पाण्यात उत्तम चालतात, समुद्रातही नीट धुतल्या तर बरीच वर्षं टिकतात, फक्त त्यांच्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी ओघळ येतात. जस्ताचा मुलामा दिलेली साधी पोलादी स्प्रिंग मात्र घेऊ नका. दिसायला ती तशीच चकचकीत असते, पण मुलामा वेढ्यांच्या घासण्याने उडतो आणि आतली तार गंजत जाते.

ओळखायचं कसं? बरेच जण चुंबक लावतात आणि फसतात. स्टेनलेसची तार थंडपणे खेचून बारीक केलेली असते आणि त्या खेचण्याने तिच्यात थोडी चुंबकता येते. म्हणून अस्सल 304 ची स्प्रिंगसुद्धा चुंबकाकडे ओढली जाते. त्यावरून ती टाकून देऊ नका. खात्रीची परीक्षा मिठाची आहे. कापडाचा तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवा, स्प्रिंगचं कापलेलं टोक त्यात गुंडाळा आणि दोन-तीन दिवस ओलं ठेवा. साधं पोलाद असेल तर कापडावर नारिंगी डाग उमटतो.

टोके

शक्य असेल तर दोन्ही टोकांना पूर्ण गोल हूक असलेलीच स्प्रिंग मागवा. ओढीची स्प्रिंग तुटते तेव्हा बहुतेक वेळा हूक जिथे वळतो तिथेच तुटते. तिथे तार सगळ्यात तीव्र वाकलेली असते आणि पीळ व वाक हे दोन्ही ताण एकत्र येतात. कारखान्यात वळवलेला हूक तिथे गुळगुळीत असतो.

हूक स्वतःच वळवावा लागला तर असं करा. डोळ्यांवर गॉगल चढवा, कापताना उडालेला तारेचा तुकडा थेट डोळ्यात जातो. साध्या पकडीने कापू नका, कडक तारेने तिच्या धारेला खाचा पडतात. जाड तारेचं कटर किंवा कापायची चकती वापरा आणि चकती वापरताना मधेमधे थांबून टोक पाण्यात थंड करा. मग व्हाइसच्या जबड्यात तांब्याचे किंवा लाकडाचे पातळ तुकडे लावून स्प्रिंग धरा, शेवटचा वेढा बाहेर ठेवा आणि गोल तोंडाच्या पकडीने तो सावकाश काटकोनात उचला. वळण एका ठिकाणी मोडू न देता पाव वेढ्याभर पसरू द्या. पकडीच्या दातांचा ओरखडा वळणावर राहिला तर चीर तिथूनच सुरू होते, म्हणून दातांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळा. शेवटी कापलेलं टोक कानशीने गोल करा. बोटाने चाचपल्यावर काहीच टोचायला नको.

तार वाकत नाही म्हणून ती आचेवर तापवायची, हा उपाय अजिबात करू नका. या स्टेनलेसची सगळी ताकद थंडपणे खेचण्यातून आलेली असते. लाल होईपर्यंत तापली की ती ताकद जाते आणि मग पाण्यात बुडवून कितीही थंड केली तरी परत येत नाही. दिसायला हूक सुरेख होईल, पहिल्या जोराच्या ओढीला सरळही होईल.

फिनला जोडायला 5 मिमीचे स्टेनलेस शॅकल मला सगळ्यात पसंत आहेत. पिनचं डोकं बाहेर न येता सपाट बसणारे मिळाले तर फारच छान, दोऱ्यात किंवा जुन्या जाळ्यात अडकायला काही उरत नाही. पिनच्या आट्यांना आटे पकडून ठेवणारं मध्यम ताकदीचं द्रव लावा किंवा पिनच्या डोळ्यातून केबल टाय ओवून ती बांधून टाका. नुसती हाताने आवळलेली पिन लाथांच्या हादऱ्यांनी सुटते. किल्ल्या अडकवायच्या दुहेरी वेढ्याच्या रिंगा वापरू नका, ताणाखाली त्या उघडतात.

बोल्ट वापरायचा असेल तर आतल्या बाजूला चपट्या गोल डोक्याचा बोल्ट, रबराच्या दोन्ही बाजूंना रुंद वॉशर आणि बाहेर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा नट. वॉशर अरुंद असेल तर रबरातून बोल्ट हळूहळू ओढला जातो. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे घाईने फिरवले की ते तापून एकमेकांत कायमचे जाम होतात, म्हणून थोडं ग्रीस लावा आणि पाना सावकाश फिरवा. एकाच जोडात स्टेनलेस, पितळ आणि साधं लोखंड असं मिसळू नका. खाऱ्या पाण्यात त्यांच्यात विजेचा घट तयार होतो आणि लोखंडी वॉशर सगळ्यात आधी संपतो.

आतून जाणारी दोरी

ही पायरी अनेक जण गाळतात, आणि माझ्या मते हिच्याशिवाय घरगुती पट्टा पाण्यात नेऊच नये. स्प्रिंगच्या पोकळीतून 3 मिमीची विणलेली पॉलिस्टर दोरी ओवायची आणि तिची टोकं दोन्ही शॅकलना बांधायची. हूक अडकतात त्यांनाच. दोरी दोन कामं करते. फिन चढवताना कोणी जोरात ओढलं तर स्प्रिंग हद्दीपलीकडे ताणली जाण्याआधी दोरी ताठ होते आणि ओढ स्वतःवर घेते. आणि पाण्याखाली हूक तुटलाच तर पट्टा फिनवरून निखळून पडत नाही. फिन सैल होते, पण हाताने पकडायला वेळ मिळतो, आणि सैल दोरीचा एक वेढा शॅकलभोवती घेऊन हळू लाथांनी परत येता येतं.

लांबी ठरवताना चढतं माप वापरा. त्यातून शॅकलची लांबी वजा करा आणि 20-30 मिमी जास्त ठेवा. आपल्या उदाहरणात मोकळी स्प्रिंग 220 मिमी आहे आणि दोरी साधारण 340 मिमी येते, म्हणजे स्प्रिंग जास्तीत जास्त 120 मिमी लांबेल. उरलेली दोरी मोकळ्या स्प्रिंगच्या आत नागमोडी होऊन बसते. जाडी 3 मिमी सांगण्याला कारण आहे. 125 वेढे मिळून 120 मिमी उघडले तर दोन वेढ्यांमध्ये एक मिलिमीटरही फट पडत नाही, त्यामुळे ही दोरी तिथे शिरून चिमटत नाही. मासेमारीचा बारीक दोरा नेमका तिथेच शिरेल. गाठ आठाच्या आकाराची मारा, शेपूट तीन-चार सेंटिमीटर ठेवा आणि टोक आचेने वितळवून बंद करा. दोरी ओवायला आधी बारीक तार स्प्रिंगमधून सारा, दोरीचं टोक तिला चिकटपट्टीने जोडा आणि ओढून घ्या.

टाचेवरचं आवरण

उघडी स्प्रिंग उघडते-मिटते आणि त्या फटीत बुटाचं निओप्रीन, ड्रायसूटचा मोजा, प्रसंगी बोटाची कातडीही चिमटते. आवरण हवंच. बाजारात रबरी नळी, पारदर्शक पीव्हीसी नळी, सायकलची जुनी ट्यूब असे पर्याय असतात. पीव्हीसी थंड पाण्यात ताठ होते, ट्यूब उन्हाने चिकट होते. मला नळीसारखी विणलेली पोकळ नायलॉन पट्टी सगळ्यात बरी वाटते, गिर्यारोहक वापरतात तीच. चपटी असताना 25 मिमी रुंद पट्टी फुगवली की आतून सुमारे 16 मिमीची होते आणि 12 मिमीची स्प्रिंग तिच्यात मोकळी सरकते.

आवरण पूर्ण ताणलेल्या स्प्रिंगला पुरेल इतकं लांब कापा, आपल्या मापात 310-320 मिमी. मोकळ्या अवस्थेत ते चुण्या पडून गोळा होतं, तसंच अपेक्षित आहे. तंतोतंत मोकळ्या स्प्रिंगएवढं कापलंत तर ताणल्यावर दोन्ही बाजूंना उघडे वेढे घोट्याला लागतील. कापलेल्या कडा आचेने वितळवा आणि गरम असतानाच आतून काडी फिरवून तोंड गोल ठेवा.

अंगठ्याने ओढायचा लूप स्प्रिंग आत घालण्याआधी शिवून घ्या. 25 मिमीच्या साध्या पट्टीचा 20 सेंटिमीटरचा तुकडा दुमडा आणि आवरणाच्या बरोबर मधोमध पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याने चौकोनी टाके घाला, चौकोनाच्या आत फुली. शिवताना आवरणाच्या पोकळीत लाकडी फूटपट्टी सरकवून ठेवा, म्हणजे सुई पलीकडच्या थरात जात नाही आणि पोकळी शिवली जात नाही. टाके झाले की जाड हातमोजा घालून अंगठा लूपमध्ये सहज जातो का ते पाहा. उघड्या हाताला ऐसपैस वाटणारा लूप मोज्यात हमखास अरुंद निघतो.

आवरणाची तोंडं उष्णतेने आकसणाऱ्या नळीने किंवा चिकटपट्टीने बंद करू नका. देखणं दिसतं, पण आत खारं पाणी कोंडून राहतं. जिथे ताजं पाणी आणि हवा पोचत नाही तिथे स्टेनलेसही खड्डे पडून खाल्लं जातं, आणि तेही नजरेआड. हुकाचं वळण तर कधीच झाकू नका. दर डाइव्हआधी डोळ्यांना दिसायला हवी अशी ती जागा आहे.

जोडणी

क्रम सोपा आहे: आवरणात स्प्रिंग, स्प्रिंगमध्ये दोरी, मग एका बाजूच्या शॅकलमध्ये आधी हूक आणि त्याच्याशेजारी दोरीची गाठ. दुसऱ्या बाजूला तेच. शॅकल फिनला लावताना पिनचं टोक घोट्याकडे न येता बाहेरच्या बाजूला राहील असं बसवा. लूप मागे, बाहेर तोंड करून. स्प्रिंगला पीळ बसला असेल तर एक शॅकल सोडून पीळ काढा, पिळलेला पट्टा टाचेवर कधीच सपाट बसत नाही.

पाण्यात जाण्याआधी

कोरडी चाचणी आधी करा. मोकळ्या पट्ट्याची लांबी मोजा, मग तो चढत्या मापापर्यंत 50 वेळा ओढा-सोडा आणि पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वाढ राहिली असेल तर स्प्रिंग तिच्या हद्दीबाहेर जाते आहे. लांब स्प्रिंग घ्या किंवा दोरी थोडी आखूड करा. मग पट्टा टांगून त्याला पाण्याची बादली अडकवा आणि 15 किलोपर्यंत न्या. या वजनाला दोरी ताठ होऊन भार घेते, म्हणून गाठ सरकते का, शॅकल वाकतो का, हे इथेच कळतं. बादली जमिनीपासून चार बोटं वर असली तरी पुरे, आणि तिच्याखाली पाऊल नको.

त्यानंतर बूट आणि फिन घालून खुर्चीवर पंधरा-वीस मिनिटं बसा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा तळव्यात गोळा येत असेल तर पट्टा फार घट्ट आहे. टाच फिनमधून बोटभर उचलली जात असेल तर सैल. थोडा फरक असेल तर शॅकलची लांबी बदलून जमतं, जास्त असेल तर स्प्रिंगच बदला.

पाण्यातली पहिली वेळ स्विमिंग पूलमध्ये किंवा उथळ, शांत जागी, बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, सांगून. सरळ लाथ, बेडूक लाथ आणि येत असेल तर मागे जायची लाथ मारून पाहा. मागे जाताना पाऊल फिनला स्वतःकडे ओढतं आणि पूर्ण भार पट्ट्यावर येतो, तिथे टाच सरकली तर लगेच जाणवतं. डोकं खाली, पाय वर असंही राहून पाहा. नव्या पट्ट्यांनी गुहेत, बुडालेल्या जहाजाच्या आत किंवा जोराच्या प्रवाहात जाऊ नका. तिथे फिन सैल होणं हा वेगळाच प्रसंग असतो. पट्ट्याची खात्री सोप्या डाइव्हमध्ये पटवून घ्या आणि जुने रबरी पट्टे सुट्या भागांच्या डब्यात ठेवून सोबत न्या.

फिन चढवताना एका हाताने बडीला किंवा कठड्याला धरा, पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर आडवं घ्या, आधी बोटं खोबणीत शेवटपर्यंत सारा आणि मग लूप मागे ओढून टाचेवर सोडा. लूप निसटला तर स्प्रिंग झटक्याने परत येते, म्हणून चेहरा तिच्या रेषेत नको.

निगा

डाइव्हनंतर नुसती नळाची धार पुरत नाही. फिन्स गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पाण्याखालीच लूप धरून पट्टा चार-पाच वेळा ताणा, म्हणजे वेढ्यांमधलं मीठ आणि वाळू बाहेर येते. किनाऱ्यावरून पाण्यात उतरलात तर हे जास्तच मनावर घ्या, वेढ्यांत अडकलेली वाळू तार घासत राहते. वाळत घालताना पट्टा सावलीत आणि ताणाशिवाय ठेवा.

दर डाइव्हआधी हुकाचं वळण नखाने चाचपा, नख अडकलं तर तिथे चीर आहे. आवरण सरकवून वेढे पाहा. सगळे चिकटलेले असावेत, एकाच ठिकाणी फट राहत असेल तर स्प्रिंग तिथे खेचली गेली आहे. शॅकलची पिन फिरवून पाहा. नायलॉक नट बोटांनी फिरायला लागला की तो बदला. दोरी हुकापाशी खरखरीत झाली असेल तर नवी घाला, ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर झिजणारी वस्तू आहे. आणि एका पायाची स्प्रिंग गेली की दुसरीही तेव्हाच बदला. तिने तेवढीच ओढ सोसलेली असते.